चौथं आणि पाचवं पाकीट

चाचा,

तुम्ही गेलात त्या दुपारी मी कॉलेजात पेपर लिहीत होते. परत आले तर गल्लीच्या तोंडापासून तुमच्या दारापर्यंत चपलाच चपला. मला आधी वाटलं, तुमच्याकडे काही कार्यक्रम असेल आणि मला सांगायचं राहून गेलं असेल. मग जिन्याशी आई दिसली. त्या वेळेला ती कधी घरी नसते. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "जेवून आडवे झाले होते. मंग उठलेच नाई."

त्याला आज सोळा दिवस झाले. या सोळा दिवसांत लोक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलले. किराणावाले काका बोलले, वरच्या मजल्यावरचे बोलले, साप्ताहिकाचे संपादक येऊन अर्धा तास बसून गेले. पण जवळजवळ प्रत्येकाने उठताना एक वाक्य जोडलं, "शेवटी शेवटी जरा विसरायला लागले होते." ते ऐकलं की मी खाली बघते. कारण ते खरं नाही. खरं नाही हे फक्त मला माहीत आहे. तुम्हालासुद्धा माहीत नव्हतं, आणि ते माझ्यामुळे.

हे तुम्ही असताना सांगायला हवं होतं. एकदम तिथे पोचायला मला जमणार नाही, म्हणून सुरुवातीपासून येते.

मी अकरावीत होते. आपल्या भागातलं साप्ताहिक किराणा दुकानात फुकट मिळायचं आणि आई ते डब्यांच्या फळीवर अंथरायची. शेवटच्या पानावर खाली कोपऱ्यात 'अक्षरं जुळवा' असायचं. पाच शब्द, प्रत्येकाची अक्षरं विस्कटलेली. शब्द शोधायचा आणि त्याचा अर्थ एका वाक्यात, आपल्या घरातला, लिहून पाठवायचा. चांगलं वाक्य पुढच्या अंकात छापून यायचं. एका आठवड्यात 'त, उ, सं' अशी अक्षरं होती. उसंत. मी वडिलांच्या फोनवरून लिहून पाठवलं, "आईला एका घरचा स्वयंपाक संपवून दुसऱ्या घरी चालत जाताना मिळते ती." पाठवल्यावर वाटलं, हा काही अर्थ नाही झाला. पुस्तकात असं नसतं.

पुढच्या शनिवारी तुम्ही अंक घेऊन आमच्या दारात. तुम्हाला मी गल्लीत सायकल हातात धरून चालताना पाहिलं होतं. कोडं तुम्ही करता हे माहीत नव्हतं. दार वडिलांनी उघडलं.

"इथे रेणुका कोण?"

आम्हाला वाशिमकडून हडपसरला येऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. दारात अनोळखी माणूस आला की तक्रारच असणार असं वडिलांना वाटायचं. "काहून? काय केलं तिनं?"

"एक वाक्य केलं," तुम्ही म्हणालात, आणि उंबऱ्याबाहेर उभं राहूनच वाचून दाखवलं.

आई हात पुसत बाहेर आली. तिला बरं वाटलं असेल, पण आधी भीती वाटली. "छापलं हे? मी ज्यायच्या घरी जाते ते वाचतीन ना."

"वाचू द्या," तुम्ही म्हणालात. "त्यांना आहे उसंत."

वडील हसले. पुण्यात आल्यापासून दारात आलेल्या माणसासमोर ते पहिल्यांदाच हसले असावेत.

तेव्हापासून शनिवारी चार वाजता मी तुमच्याकडे. सुरुवातीला वडील विचारायचे, "त्या चाचापाशी काय रायते तुयं दर शनवारी?" मला नीट सांगता यायचं नाही. "शब्द असतात," मी म्हणायची. त्यांचं समाधान व्हायचं नाही, पण ते अडवायचेही नाहीत.

तुम्ही आयुष्यभर पेठेतल्या छापखान्यात खिळे जुळवलेत. शिशाच्या एकेका खिळ्यावर एकेक अक्षर, तेही उलटं. ते उचलून शब्द लावायचा, शब्दांची ओळ, ओळींचं पान. लावलेली ओळ जुळारी डोक्यावर उभी केल्यासारखी वाचतो, म्हणून तुम्हाला उलटं वाचणं सुलट वाचण्याइतकंच सोपं होतं. एकदा आपण दोघं बसने मंडईला चाललो होतो. समोरच्या सीटवरच्या माणसाने मांडीवर वर्तमानपत्र पसरलं होतं. तुम्ही त्याला म्हणालात, "साहेब, पान उलटू नका, माझे दोन परिच्छेद राहिलेत." तो माणूस पेपर फिरवून द्यायला लागला तर तुम्ही म्हणालात, "नको नको, असंच बरं आहे. सरळ धरला की मला वेळ लागतो." तो कॅम्प येईपर्यंत तुमच्याकडे बघत होता.

शाळा तुमची चौथीपर्यंत, आणि ती उर्दू. मराठी तुम्ही बोटांनी शिकलात. छापखाना कॉम्प्युटरवर गेला तेव्हा सगळे खिळे वितळवायला गेले आणि तुम्ही घरी आलात. तिथे पूर्वी प्रूफं तपासणारे एक गृहस्थ पुढे हडपसरात साप्ताहिक काढायला लागले. त्यांनी तुम्हाला कोपऱ्यातली ती जागा दिली.

कोडं करायची तुमची पद्धत ठरलेली होती. शुक्रवारी तुम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं लिहून त्यांचे तुकडे कापायचात. एका शब्दाचे तुकडे औषधाच्या दुकानातल्या एका छोट्या कागदी पाकिटात. पाच शब्द, पाच पाकिटं, वर नुसता आकडा. आत कुठला शब्द आहे ते मला सांगायचं नाही. शनिवारी मी एकेक पाकीट चटईवर उलटायचं, आधी स्वतः शब्द शोधायचा, अर्थ सांगायचा, मग अक्षरं विस्कटून रेघी कागदावर उतरवायची आणि तुकडे परत पाकिटात भरायचे. शेवटी तुम्ही माझ्यासमोर बसून, माझा कागद तुम्हाला उलटा दिसत असताना, पाचही शब्द परत जुळवून बघायचात. "आलं परत?" असं स्वतःलाच विचारायचात. आलं की मी कागदाचा फोटो संपादकांना पाठवायची. एक पाकीट बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आणि पाकीट उघडं असताना पंखा बंद, मे महिन्यातसुद्धा. चाची म्हणायच्या, "कागद राहू दे, माणसं उकडून निघाली." तुम्ही म्हणायचात, "पाच मिनिटं." ती पाच मिनिटं कधी पाच नसायची.

अर्थ सांगताना मोबाइल बाजूला ठेवायचा. शब्दकोश तुमच्याकडे होता, जाडजूड, पाठीला कापडी पट्टी चिकटवलेला, पण त्याचा नंबर शेवटी. "आधी तू सांग. मग तो काय म्हणतो बघू." एकदा 'विरंगुळा' आला. मला सुचेना. आतून चाचीच बोलल्या, "विरंगुळा म्हणजे चहा मी करायचा आणि शब्द तुम्ही खेळायचे." तुम्ही मला म्हणालात, "लिही." त्या आठवड्यात चाचीचं वाक्य छापून आलं. त्यांनी तो अंक शेजारणीला दाखवला आणि तुमच्याशी दिवसभर बोलल्या नाहीत.

'चाहूल' आला तेव्हा मी म्हणाले, "वडील रात्रपाळीहून येताना चप्पल हातात घेऊन जिना चढतात, तरी आईला कळतं ती." तुम्ही हातातली पेन्सिल खाली ठेवलीत. मग म्हणालात, "हे छापायचं नाही. हे घरात ठेव." तेव्हा मला वाईट वाटलं होतं. मला वाटलं, वाक्य जमलं नाही. आता कळतं. पण तेव्हाच विचारायला हवं होतं.

मी कॉलेजात गेले, आमच्या घरात पहिलीच. पहिल्या महिन्यात वर्गात उभं राहून बोलताना माझ्या तोंडून "मले" निघालं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी "मले, तुले" असं हळूच म्हणून हसलं. त्या शनिवारी मी तुमच्याकडे येऊन गप्प बसले होते. तुम्ही खोदून खोदून विचारलंत. मग तुम्ही खिळ्यांच्या पेटीची गोष्ट सांगितलीत. पेटीला खण असतात, प्रत्येक अक्षराचा वेगळा. ज्याचं काम जास्त त्याचा खण हाताजवळ, ज्याचं कमी त्याचा लांब. "लांबच्या खणात हात घालायला नवा माणूस चाचपडतो," तुम्ही म्हणालात. "सहा महिन्यांत हात आपोआप जातो. पण म्हणून कुणी जवळचे खण रिकामे करत नाही." माझ्यावर त्याचा किती परिणाम झाला हे मला सांगता येणार नाही. मी अजूनही वर्गात जपूनच बोलते. घरी मात्र त्यानंतर मी मुद्दाम पुण्यासारखं बोलायचं थांबवलं, आणि आईच्या ते लक्षात आलं.

आपलं एक भांडण तसंच राहिलं. 'ग, ज, र.' तुमच्या पाकिटात गजर होता. मी गरज म्हणाले.

"दोन शब्द येतात म्हणजे कोडं कच्चं. काढून टाक."

"काढून का? दोन्ही बरोबर धरा."

"लिहिणाऱ्याच्या मनात एकच शब्द असतो, बेटा. जुळाऱ्याने तोच लावायचा. दुसरा चांगला दिसला म्हणून लावला तर मार खाईल."

"पण हे कुणी लिहून दिलेलं नाही ना, चाचा. हे वाचणाऱ्याने शोधायचं आहे. त्याला गरज सापडली तर चुकलं कसं म्हणायचं?"

तुम्ही चष्मा वर करून माझ्याकडे बघितलंत. "कॉलेज लागू पडलं तुला," म्हणालात, आणि पाकीट बाजूला ठेवून दिलंत. त्यानंतर कितीतरी शनिवारी तो विषय निघाला. तुम्ही हटला नाहीत, मीही नाही. मला अजून वाटतं माझं बरोबर होतं. पण तुम्ही समोर नसताना जिंकण्यात काही मजा नाही.

आता मे महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी येते.

वर्गातल्या एका मुलीचा वाढदिवस होता, कॅम्पात. तिने मला पहिल्यांदाच बोलावलं होतं. त्या मुली आपसात इंग्रजीत बोलतात. मला समजतं, पण उत्तर तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. तरी तिने बोलावलं होतं, आणि मला वेळेवर पोचायचं होतं. तीन पाकिटं झाली तेव्हा तुम्ही असरच्या नमाजसाठी मशिदीत जायला उठलात. "मी येईपर्यंत थांब," म्हणालात. चाची मागच्या खोलीत झोपल्या होत्या. घड्याळात सव्वापाच झाले होते आणि माझी बस पावणेसहाची.

मी चौथं आणि पाचवं पाकीट एकदम उघडलं. दोन्हींचे तुकडे चटईवर दोन ढिगांत ठेवले. नव्या ड्रेसला घाम लागेल म्हणून पंखा लावला. नुसता एक नंबरवर. तुकडे उडाले. काही कॉटखाली गेले, काही दाराच्या फटीपर्यंत. मी आठही गोळा केले. कुठले चार कुठल्या पाकिटातले हे मला माहीत नव्हतं, कारण शब्द मी अजून शोधले नव्हते. शोधत बसले असते तर कळलं असतं. मी चार इकडे ठेवले, चार तिकडे, कागदावर उतरवले, पाकिटांत भरले, फोटो काढून पाठवला आणि निघाले.

कोपऱ्यावर तुम्ही परत येताना भेटलात.

"पाठवलंस?"

"हो."

"जुळवून पाहिलंस? आलं परत?"

"आलं," मी म्हणाले.

बस मला मिळाली. वाढदिवसाला मी कोपऱ्यात बसून केक खाल्ला.

गुरुवारी अंक आला. शुक्रवारी फोन सुरू झाले. शनिवारी मी तुमच्याकडे असतानाच एका निवृत्त मास्तरांचा आला, दर आठवड्याला पाचही शब्द पाठवणाऱ्यांचा. तुम्ही फोन नेहमीसारखा स्पीकरवर ठेवला होता. "यासीनभाई, पाचव्या शब्दात पावसापर्यंत आलो. आता 'ण' हातात घेऊन उभा आहे. कुठे ठेवू तेवढं सांगा." तुम्ही हसून "बघतो" म्हणालात. दुसरा कुणाचातरी आला, "चौथा शब्द मराठी आहे का, एवढंच विचारायचं होतं."

वापरून झालेली पाकिटं ठेवायच्या डब्यातून तुम्ही ती दोन काढलीत. पंखा बंद केलात. एक उघडलंत, चटईवर ठेवलंत: क, व, ड, ठा. बघितलंत, परत भरलंत, बंद केलंत. मग दुसरं: पा, ण, व, सा. मी समोर बसले होते. तुमचं बोट 'सा' वर होतं. मला तेव्हाच दिसलं की तो कवडसा आहे आणि दुसरा पाणवठा, आणि काय झालं ते सगळं कळलं.

"शुक्रवारी भरताना मी चुकलो," तुम्ही म्हणालात.

मी म्हणाले, "चाचा."

"काय, बेटा?"

"मी जुळवून पाहिलं असं म्हणाले होते, पण..."

"माहीत आहे. तू नाही पाहिलंस. तुझा माझ्यावर भरवसा होता म्हणून नाही पाहिलंस. त्यात तुझं काही नाही. तू मी भरलेलं उतरवलंस." मग तुम्ही दोन्ही हात पुढे धरून त्यांच्याकडे बघितलंत, पालथे, मग उताणे. "हेच चुकले."

तिथे मी बोलायला हवं होतं. तुम्ही माझ्यासाठी अर्धी वाट आला होता आणि तिथेच मला सोडून दिलं होतं, मग पुढचं अर्धं बोलणं जास्तच कठीण झालं. मी म्हणाले, "चहा आणू?"

संध्याकाळी संपादकांचा फोन आला. ते वाईट बोलले नाहीत. "होतं चाचा, वय झालं आता," एवढंच म्हणाले. तुम्ही लगेच म्हणालात, "मग थांबवू या." त्यांनी नको नको म्हटलं. पण तुम्ही ठरवलं होतं. एवढ्या वर्षांत चुकीचं पान गेलं नव्हतं, आता गेलं, आणि ते कधी झालं हे तुम्हाला आठवत नव्हतं. तुम्हाला भीती चुकीची नव्हती. आठवत नव्हतं, याची होती. आठवणार कसं? ते झालंच नव्हतं.

त्यानंतर तुम्ही गॅस बंद आहे का ते तीनतीनदा बघायला लागलात. सायकल मुलाला देऊन टाकलीत, तो हिंजवडीहून येऊन घेऊन गेला. चाचींना विचारायचात, "मी नमाज पढली ना?" मला विचारायचात, "आज शनिवारच ना?" मी आले म्हणजे शनिवारच असणार, हे तुम्हाला माहीत असायचं. तरी विचारायचात. पाकिटांचा डबा कपाटात गेला. आपण नुसते बसायचो. मी कॉलेजातलं काहीतरी वाचून दाखवायची, तुम्ही "छान" म्हणायचात. पूर्वी तुम्ही कधी नुसतं छान म्हणाला नव्हतात.

दर शनिवारी मी घरून ठरवून निघायची की आज सांगायचं. जिन्यावर वाक्य तयार असायचं. पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर ती नुसती चूक ठरली असती. तिसऱ्या आठवड्यानंतर ती नुसती चूक राहिली नव्हती, इतके दिवस गप्प बसल्याचंही सांगावं लागणार होतं. तुम्ही रागावाल याची भीती नव्हती, चाचा. तुम्ही रागावणारच नाही, पण पुढच्या वेळी मी "आलं" म्हणाले की तुम्ही स्वतः उठून बघाल, याची होती. तुम्ही माझ्या एका वाक्यासाठी जिने चढून आला होता. त्या माणसाच्या डोळ्यांत मला तशीच राहायचं होतं. त्यासाठी मी तुम्हाला स्वतःवर संशय घेऊ दिला. असं लिहिल्यावर ते किती वाईट दिसतं.

मागच्या शनिवारी मी चारला आले. चाची आता घराबाहेर पडत नाहीत. त्या वाटाणे सोलत होत्या. मला बघून उठल्या, कपाटातून डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "घेऊन जा, बेटा. हे तुमचं दोघांचं होतं."

मी डब्याला हात लावला नाही. सगळं सांगितलं. पंखा, बस, कोपऱ्यावरचं "आलं". चाची ऐकताना सोलतच होत्या. माझं संपल्यावरही त्यांनी हातातली शेंग पुरी केली.

मग म्हणाल्या, "चार महिने तू इथे बसून चहा पीत होतीस."

त्यांनी दुसरी शेंग उचलली.

"ते मला म्हणायचे, मी तुला त्रास द्यायच्या आत अल्लाहने न्यावं. त्यांना वाटायचं, डोकं जाणार, मग मी त्यांना ओळखीची वाटेन की नाही." त्यांनी साली पदरात गोळा केल्या. "डोकं चांगलं होतं त्यांचं. मला माहीत होतं. मी सांगायची तर म्हणायचे, तू बायको आहेस, तू असंच म्हणणार."

मी म्हणाले, "चाची, मला माफ करा."

"मला कशाला सांगतेस? मी फोन केला होता का? ज्यांनी फोन केले, जे येऊन 'विसरायला लागले होते' म्हणून गेले, त्यांना सांग."

सोमवारी मी साप्ताहिकाच्या ऑफिसात गेले. झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली आहे. संपादकांना आधी वाटलं मी तुमच्यावर लेख द्यायला आले. मी सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अगं, आता कुणाच्या लक्षात आहे ते?"

"त्यांच्या होतं," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. 'वय झालं आता' असं आपण म्हणालो होतो हे त्यांना आठवलं असावं. "दुरुस्ती म्हणून दोन ओळी टाकतो," ते म्हणाले. "दुरुस्ती दोनच ओळींची असते."

"माझी दोन ओळींत होणार नाही, सर."

"मग लिहून आण. जागा आहे, कोडं बंद झाल्यापासून तिथे पाण्याच्या टाकीची जाहिरात जाते. पण रडकं लिहू नकोस. चाचांनी असल्या मजकुराला कात्री लावली असती."

म्हणून हे लिहिलं. आई-वडिलांना आधी वाचून दाखवलं. वडिलांना वाटलं, नाव घालू नये, कॉलेजातले वाचतील. आई म्हणाली, "वाचू द्या." ती तुमच्यासारखं बोलली हे तिच्या लक्षात आलं नाही.

काल ते चाचींना वाचून दाखवलं. त्यांना मराठी वाचायला वेळ लागतो, ऐकायला नाही. शेवटी मी एक परिच्छेद लिहिला होता, खास त्या कोड्याच्या वाचकांसाठी. त्याची सुरुवात होती, "त्या शनिवारी माझ्याकडून चुकून पंखा लागला." चाचींनी हात वर केला.

"चुकून?"

मी कागदावर ते वाक्य परत बघितलं.

"पंखा लागत नसतो, बेटा. कुणीतरी लावतं. ते काढ. परत लिही, आणि परत वाच."

मी तिथेच बसून तो परिच्छेद परत लिहिला आणि वाचला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. दुसऱ्यांदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "हां. आता दे छापायला." तोच इथे देते.

मे महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी केलेल्या कोड्यातला चौथा आणि पाचवा शब्द कुणालाही सुटले नाहीत, कारण ते सुटणं शक्य नव्हतं. शब्द कवडसा आणि पाणवठा हे होते. दोन्ही पाकिटं मी एकदम उघडली. पंखा मी लावला. तुकडे मिसळले ते मी अंदाजाने वाटून भरले, न तपासता पाठवले, आणि यासीनचाचांनी विचारलं तेव्हा तपासले असं सांगितलं. त्यांनी शुक्रवारी भरलेली पाचही पाकिटं बरोबर होती. त्यांचा हात शेवटपर्यंत कधीही चुकला नाही, आणि ते काहीही विसरले नव्हते.

रेणुका